कच्चं काळीज

२ नोव्हेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून तू म्हणशील, भिंगरीला काहीतरी हवं असणार. हो, हवं आहे. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू आपल्या मनाने भरतोस, म्हणून लिहूनच विचारते.

आमच्या बास्केटबॉल संघाची कॅप्टन आता मी आहे. लगेच खूश होऊ नकोस. अकरा सामने खेळलो आणि अकराही हरलो. दहावा हरल्यावर सर दुसऱ्या कॉलेजात निघून गेले. जाताना शिट्टी आणि फाइल माझ्या हातात दिली, कारण त्या वेळी दारात मी उभी होते. आधीची कॅप्टन (आम्ही तिला मोठी म्हणतो) म्हणाली की तिला आता कुणाचं तोंड बघायचं नाही, ती फक्त खेळेल. चौघी आधीच सोडून गेल्या. आम्ही सात उरलो. नवा कोच मिळणार नाही असं ऑफिसने सांगितलंय, म्हणजे कोचही मीच. उरलेल्या तीन सामन्यांपैकी दोन जिंकले नाहीत तर संघ बंद आणि मैदानाचं पार्किंग होणार, अशी नोटीस लागली आहे.

मामा, मला भीती वाटते. हरण्याची नाही, त्याची सवय झाली. मैदानात मी ओरडते तेव्हा बाकीच्या सहाही ओरडतात, आणि मग माझाच आवाज मला खोटा वाटायला लागतो. सकाळी बूट बांधताना माझे हात कापतात. नाडीची गाठ दोनदा घालावी लागते.

आणखी एक गोष्ट आहे. आमच्यात एक सगळ्यात उंच मुलगी आहे, तिला आम्ही संघात शिडी म्हणतो. ती बाहेर खोली घेऊन राहते. बास्केटखाली ती उभी असली तरच आमची काही आशा. पण परवा तिने मला एकटीला गाठून सांगितलं की तिचं काळीज कच्चं आहे, लहानपणापासूनच. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. मी घेतली. आता तिला पूर्ण वेळ खेळवू, थोडा वेळ खेळवू, की बसवूनच ठेवू? बसवली तर हरलोच. तुझ्या हाताखाली माणसं असतात, तू सांगशील तसं करीन.

मामीला नमस्कार. माझ्यावर लोभ आहे तसाच ठेव, आणि उत्तर लवकर दे.

तुझी,
भिंगरी


६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर बघून वाटलं कोंबडी चालून गेली. हात कापत होते हे लिहायची गरज नव्हती.

कॅप्टन झालीस, बरं झालं. दारात उभी होतीस म्हणून झालीस तर त्यातही काही वाईट नाही. मीसुद्धा क्रेनला खुणा करणारा असाच झालो. आधीचा माणूस जेवायला गेला तो परत आलाच नाही. बावीस वर्षं झाली, मी अजून त्याची वाट बघतो आहे.

आता कामाचं. धक्क्यावर जहाजातून माल उतरतो तेव्हा खाली पंधरा माणसं असतात आणि पंधराही आरडाओरडा करतात. वर केबिनमधे बसलेला क्रेनवाला त्यातल्या एकाचंही ऐकत नाही. तो फक्त माझ्या हातांकडे बघतो. तेव्हा तूही ओरडू नकोस. पाच-सहा खुणा ठरव, सगळ्यांकडून घोटून घे आणि सांग की मैदानात फक्त भिंगरीच्या हाताकडे बघायचं. आवाज खोटा वाटत असेल तर तो घरी ठेव.

त्या उंच मुलीचं म्हणशील तर कच्च्या काळजाची माणसं माझ्याकडे दरवर्षी दोन-चार तरी येतात. डोक्यावरून बोजा गेला की पाय लटपटतात. अशा माणसाला बाजूला बसवलं की तो कायमचा बसला. मी त्याला सगळ्यात आधी हुकाखाली उभा करतो. चार बोजे डोक्यावरून गेले की भीती आपोआप जिरते. तिला पूर्ण वेळ खेळव. नाही म्हणाली तरी खेळव, आणि लाडावू नकोस. शपथ घेतली आहेस ती पाळ. भित्रेपणाचा गवगवा झाला की माणूस आणखी भितो.

मामी म्हणते नीट जेवत जा. मीही तेच म्हणतो, पण माझं कुणी ऐकत नाही. लोभ आहेच, त्याची चिंता तू करू नकोस.

तुझा,
मामा


१२ नोव्हेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! अठ्ठेचाळीस-पंचेचाळीस. काल संध्याकाळपासून मी हा आकडा दिसेल त्या कागदावर लिहिते आहे.

तुझं पत्र आल्यावर सगळ्यांना बसवून सहा खुणा ठरवल्या. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. मोठी म्हणाली की आता आपण मुक्यांचा संघ झालो. दुसऱ्या दिवशी हसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मोठीनेच सातवी खूण सुचवली. सामन्यात मी एकदाही ओरडले नाही. हात वर केला की चार डोकी माझ्याकडे वळत होती, मामा. असं मला आजवर कधी झालं नव्हतं.

आणि शिडी पूर्ण चाळीस मिनिटं खेळली. दुसऱ्या क्वार्टरनंतर तिने डोळ्यांनी विचारलं की बसू का. मी मानेनेच नाही म्हटलं, कारण तू तसं लिहिलं होतंस. सामना संपल्यावर सगळ्या नाचत होत्या तेव्हा ती दिसेना. ती कपडे बदलायच्या खोलीत फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरेफटक पडलेले, कपाळाला गार घाम. मला दोनदा हाक मारावी लागली. मग हसली, म्हणाली की काळीज आपलं कच्चं ते कच्चंच, पण बघ, चाललं. मी तिला खोलीवर सोडायला गेले. तीन जिने आहेत, ती प्रत्येक जिन्याला थांबली. छातीवर तळहात ठेवून उभी राहते, जणू काही आठवते आहे.

मला हे बघवत नाही. पण तू म्हणालास भीती जिरते, आणि आम्ही जिंकलो हेही खरं. सतराला पुढचा सामना आहे. तो जिंकला तर संघ वाचला. ती म्हणते त्या दिवशीही पूर्ण वेळ खेळणार. खेळवू ना? तू हो म्हणालास की मला जरा धीर येतो.

ह्या वेळी अक्षर बरं आहे की नाही ते सांग. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


१६ नोव्हेंबर, सकाळ

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

त्या मुलीला खेळवू नकोस.

तुझं पत्र आत्ता मिळालं. तुझी मामी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने विचारलं की ह्या पोरीला आजार कोणता आहे. मी म्हटलं आजार कसला, भित्री आहे. मामी म्हणाली की भित्र्या माणसाचे ओठ सामना संपल्यावर पांढरे पडत नाहीत, सामन्याआधी पडतात. मग मी तुझं पहिलं पत्र काढून पुन्हा वाचलं. काळीज कच्चं आहे, लहानपणापासून. तू तिच्या छातीतल्या काळजाबद्दल लिहीत होतीस ना? मी माझ्या धक्क्यावरच्या पोरांचं काळीज वाचलं.

ऑफिसात जाऊन तुझ्या होस्टेलला फोन लावला. तू वर्गात होतीस. वॉर्डनबाईंना निरोप सांगितला, तीनदा ओरडून. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, आणि मी काय म्हणालो ते त्यांना किती कळलं देव जाणे. म्हणून हे पत्र दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो आहे. तो ओळखीचा आहे, उद्या तुझ्या हातात देईन म्हणाला. जहाज लागलं आहे, माझ्या जागी दुसरा माणूस नाही, नाहीतर मीच आलो असतो.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. खुणा एकाच माणसाने करायच्या हे खरं, पण एक खूण सोडून. दोन्ही हात आडवे पसरले की थांब. ती कुणीही करू शकतो. झाडणारा, चहावाला, रस्त्याने जाणारा. क्रेनवाल्याने विचारायचं नाही की तू कोण आणि का. आधी थांबायचं. तुझी शपथ, तिची इच्छा, संघ, माझं आधीचं पत्र, सगळं ह्या खुणेच्या खाली.

थांबव तिला. लोभबिभ नंतर.

मामा


१८ नोव्हेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ड्रायव्हरने काल सामना संपल्यावर तासाभराने दिलं. पण त्याआधी तुझा निरोप पोचला होता. कसा ते ऐक.

वॉर्डनबाई मैदानावर कधीच येत नाहीत. काल तिसरा क्वार्टर संपला आणि त्या धापा टाकत आमच्या बाकापाशी आल्या. हातात चिठ्ठी. म्हणाल्या की तुझ्या मामांचा काल फोन होता, फारच ओरडत होते, मला वाटलं होस्टेलची शिडी कुठे धोक्याची लावली आहे. तेव्हापासून त्यांनी शिपायाला घेऊन सगळ्या शिड्या शोधल्या. गच्चीची कुलपात ठेवली, ग्रंथालयाची आडवी केली. तरी मनाला स्वस्थता नव्हती म्हणून चिठ्ठी घेऊन आल्या. त्यावर लिहिलं होतं, ‘शिडी खाली उतरव, नाहीतर मरेल.’

मला त्याच क्षणी सगळं कळलं. आणि आता जे लिहिते आहे ते तू मामीलाही सांगू नकोस. नको, सांग. सगळ्यांना सांगितलंस तरी चालेल. आम्ही दोन पॉइंटनी पुढे होतो. एक पाच फाउल होऊन बाद झाली होती, एकीचा पाय मुरगळला होता. मैदानात पाच आणि बाकावर कुणी नाही. मी ती चिठ्ठी मोज्यात खोचली आणि चौथा क्वार्टर सुरू होऊ दिला.

दोन मिनिटं आणि काही सेकंद, मामा. घड्याळ समोरच होतं. मी खुणा करत होते, त्या माझ्याकडे बघत होत्या. प्रत्येक वेळी शिडी उडी मारायची आणि मी ती खाली येईपर्यंत श्वास धरून ठेवायची. मग तिला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही चुकले. दुसरा तर बास्केटपर्यंत पोचलाच नाही. ती माझ्याकडे बघून हसली आणि तिचे ओठ मला दिसले.

मी टेबलाशी जाऊन टाइम-आउट मागितला. सगळ्या जवळ आल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं की हिचं हृदय आजारी आहे, हे मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे आणि ही आता खेळणार नाही. शिडी म्हणाली की मी शपथ मोडली. मी म्हटलं हो. ती म्हणाली की मी खोटारडी आहे. त्यालाही हो म्हटलं. तिने मला ढकललं आणि मैदानाकडे निघाली. तेव्हा मोठी पुढे झाली. तिने शिडीच्या अंगावर टॉवेल टाकला, खांद्याला धरून बाकावर बसवलं आणि वॉर्डनबाईंना सांगितलं की हिला उठू देऊ नका. आम्ही चौघी खेळलो. अकरा पॉइंटनी हरलो.

आणि शिडीला काहीही झालं नाही. आपल्या पायांनी चालत गेली. मुरगळलेल्या पायाची म्हणाली की उरलेल्या आठ मिनिटांत काही होणार नव्हतं, मी घाबरून हातातला सामना घालवला. बाकीच्यांनाही तेच वाटतं. मी प्राचार्यांना सांगितलं, त्यांनी तिच्या वडिलांना बोलावलं. आज ते तिला घेऊन गेले. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

तुला खरं सांगायचं तर काळीज हा शब्द मी मुद्दाम लिहिला होता. शपथही मोडायची नव्हती आणि ओझंही नको होतं. तुला कळलं तर कळेल, नाही कळलं तर तू सांगितलंस म्हणून मी केलं, असं म्हणता येईल. आता रागाव. लोभ ठेवायचा की नाही ते तूच ठरव.

भिंगरी


२२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

रागावलो. झालं.

आता माझं ऐक. अर्धवट खूण करणाऱ्याइतकाच अर्धवट खूण बघून बोजा हलवणाराही दोषी असतो. बावीस वर्षं मी नव्या पोरांना शिकवतो की खूण कळली नाही तर हात जोडून परत विचारा. मी तुला एका ओळीने विचारलं नाही की कच्चं म्हणजे काय. मला सल्ला द्यायची घाई झाली होती. भाचीने विचारलं म्हणून छाती फुगली होती.

ती दोन मिनिटं मात्र तुझी. ती मी काढून घेऊ शकत नाही, घेणारही नाही. माझ्याकडेही अशी चार-दोन आहेत. त्यांची भीती वाटत राहते आणि त्या भीतीने हात वेळेवर आडवे होतात, एवढाच त्यांचा उपयोग.

काही झालं नाही म्हणून तुझ्यावर चिडतात तर चिडू देत. आमच्याकडे ज्या दिवशी काही होत नाही त्या दिवशी मला कुणी शाबासकी देत नाही, उलट जहाजवाले उशीर झाला म्हणून शिव्या घालतात. चोवीस तारखेचा शेवटचा सामना खेळ. चौघी तर चौघी.

मामीने तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत. एक दुसऱ्यापेक्षा लांब आहे, विचारू नकोस. आमचा जीव तुझ्यात आहे, हे तुला एरवी लिहिलं नसतं.

तुझा,
मामा


३ डिसेंबर

प्रिय कॅप्टन,
स. न. वि. वि.

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं. पहिल्या तीनमधे शिव्या होत्या.

मी हॉस्पिटलमधे आहे. हृदयाची एक झडप जन्मापासून अरुंद आहे, ती आता फारच अरुंद झाली आहे. नव्याने तपासलं तेव्हा डॉक्टरांनी बाबांना विचारलं की ही मुलगी गेल्या महिन्यात काय करत होती. बाबांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले की तिला बाकावर बसवणाऱ्या माणसाला माझा नमस्कार सांगा. हे मी तुला सांगणार नव्हते.

कॉलेजच्या तपासणीला मी माझ्या बहिणीला पाठवलं होतं. तीही उंच आहे आणि तिचं सगळं ठणठणीत. लहानपणापासून मला सगळे म्हणत आले की तू बस, पळू नकोस, उचलू नकोस. तुमच्या संघात पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं की तू उभी राहा, तुझ्यावाचून चालणार नाही. म्हणून गप्प राहिले. घरात आम्ही आजाराला आजार म्हणत नाही, कच्चं काळीज म्हणतो. तसं म्हटलं की तो लहान वाटतो.

नऊ तारखेला सकाळी ऑपरेशन आहे. मी फार घाबरले आहे. आई सांगते की किरकोळ असतं. बाबा खिडकीतून बाहेर बघत बसतात. डॉक्टर त्यांच्याशी हळू आवाजात बोलतात आणि मी आले की गप्प होतात. मला माहीत नसलेल्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. तू ये. डॉक्टरांना विचार की धोका किती, आणि आत नेण्याआधी मला येऊन सांग. गोड करून सांगू नकोस. तुझ्यावर माझा राग अजून आहे, पण तू सांगशील ते खरं असेल एवढं मला कळलं आहे.

ह्या खेपेला कुणाला सांगू नकोस असं म्हणत नाही. सगळ्यांना सांग. मोठीचा टॉवेल माझ्याकडेच राहिला आहे.

लोभाचं काय ते समोरासमोर बघू.

तुझी,
शिडी


९ डिसेंबर, हॉस्पिटलचा व्हरांडा

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्यावर वही ठेवून लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस. मोठी शेजारी बसली आहे. काल आम्ही दोघी बसने आलो.

डॉक्टरांना विचारलं. ते आधी म्हणाले की नातेवाईकांनाच सांगतात. मी सांगितलं की मी तिची कॅप्टन आहे. ते कोणत्या नियमात बसलं कोण जाणे, पण त्यांनी सांगितलं. शंभरातल्या आठ जणी टेबलावरून परत येत नाहीत. मी जिन्यात जाऊन बसले. आठ हा आकडा तोंडातून बाहेर काढायचा म्हणजे काय, ते मला आज कळलं. चार म्हणावं असं फार वाटलं. मग सकाळी तिच्या खोलीत गेले. तिची आई माझा हात धरून मानेने नको नको म्हणत होती. मी आठ सांगितलं.

शिडीने डोळे मिटले. मग म्हणाली की शंभरातले ब्याण्णव म्हणजे फारच झाले, आपण तर तेरातला एक जिंकलो. तिची आई रडायला लागली आणि मग हसली. शिडीचा हात मात्र बर्फासारखा गार होता आणि तिने माझी बोटं इतकी आवळली होती की खुणा अजून आहेत. दारापर्यंत सोडली नाहीत.

पाच तास लागले. दुपारी डॉक्टर बाहेर आले. झडप बदलली, हृदय पुन्हा आपलं आपण सुरू झालं. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येईल म्हणाले. तिच्या वडिलांनी खिडकी सोडली आणि सगळ्यांशी एकदम बोलायला लागले. मोठी उभ्याउभ्याच रडली. मला मात्र रडू येत नाही.

कारण निघायच्या दिवशी नोटीस लागली, मामा. चोवीसचा सामनाही हरलो, म्हणून संघ बंद. मैदानावरचे दोन्ही खांब काढून नेले, पार्किंगच्या पिवळ्या रेघा मारून झाल्या. शिडीला हे माहीत नाही. तिच्या आई-बाबांनी हात जोडून सांगितलंय की महिनाभर तरी कळू देऊ नकोस, मनाला लागेल, आता नवं काळीज जपायला हवं. त्यांचंही बरोबर आहे. पण मी तिला ओळखते. शुद्धीवर आली की पाणी मागायच्या आधी ती मलाच विचारेल, चोवीसला काय झालं म्हणून. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहील.

आठ सांगण्याच्या वेळी मी इतकी घाबरले नव्हते. नर्सबाई आत्ता सांगून गेल्या की तिने डोळे उघडलेत, आणि ती कॅप्टन कुठे आहे असं विचारते आहे. जाते आत.

माझ्यावर जीव आहे तसाच असू दे, आज मला त्याची गरज आहे.

तुझी,
भिंगरी